रद्द झालेला सातवा थांबा

माझ्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या सालची ही गोष्ट. पटली तर घ्या, नाहीतर सोडा. पण बस मी चालवत होतो आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

वेळ रात्रीची नव्हे, सकाळचे आठ चाळीस. लख्ख ऊन.

आमच्या गावामागचं विमानतळ आधी नुसता माळ होता. फवारणीचं विमान उतरायचं, त्याआधी आम्ही शेळ्या हाकलायचो. मग पत्र्याची शेड आली. मग काचेची इमारत. मग धावपट्टी लांबवायची ठरली, आणि आमचा दवाखान्याचा रस्ता नेमका तिच्या आड आला.

विमानतळाचे मोठे साहेब म्हणाले, "खालून भुयारी रस्ता देतो. बस दहा मिनिटांत पलीकडे."

गावातर्फे कागदावर अंगठा मी उठवला. मला तेव्हा आकडे ओळखता यायचे, अक्षरं नाही. पन्नाशीनंतर वाचायला शिकलो, तेव्हा सगळ्यात आधी तो कागद मिळवून वाचला.

भुयाराचा त्यात एक शब्द नव्हता.

सातव्या थांब्यासमोर भिंत उभी राहिली. बस तिथून वळून, एकवीस किलोमीटरचा वळसा घेऊन विमानतळाला आणि मग दवाखान्याला जाऊ लागली. विमानाच्या लोकांना उशीर नको, म्हणून सातवा थांबा रद्द.

त्या थांब्यामागेच माझी थोरली बहीण राहायची. अक्का.

एका सकाळी ती तिथे काठी वर करून उभी. छातीत कळ येत होती. मी गाडी थांबवली. ती माझ्या मागच्या सीटवर बसली.

"अजून किती रे?" दर वळणावर विचारायची.

भिंतीपलीकडे दवाखान्याची पाण्याची टाकी दिसत होती. आम्ही मात्र तिच्यापासून लांब चाललो होतो.

दवाखाना आला तेव्हा मागून प्रश्न यायचा थांबला होता.

डेपोत मलाच झापलं. "काका, रद्द थांब्यावर गाडी उभी करता? लोकांचं विमान चुकलं."

"विमान संध्याकाळी दुसरं आहे," मी म्हणालो. "बहीण दुसरी नव्हती मला."

महिनाभराने नवा कंडक्टर आला. आवाज असा, की आम्ही त्याला लाऊडस्पीकर म्हणायचो. गावातलं त्याला काही ठाऊक नव्हतं.

दर थांब्याचा आकडा तो ओरडून सांगायचा. "सहा!" तो ओरडला. गाडी निघाली.

भिंतीपाशी आलो...

इंजिन बंद.

दार आपोआप उघडलं. पायरीवर काठी टेकली... एकदा. दुसऱ्यांदा. मागची सीट करकरली.

आरशात पाहिलं. सीट रिकामी.

"सात!" लाऊडस्पीकर म्हणाला आणि त्याने दोनदा घंटी मारली. इंजिन सुरू झालं.

मी मागे वळून विचारलं, "सात कशाला म्हणालास?"

"म्हातारी चढली ना, काठीवाली. थांबा कितवा ते तिनेच सांगितलं." तो हसला. "काका, फार हळू चालवता बुवा तुम्ही. ती सारखी विचारतेय, अजून किती म्हणून."

मी गाडी दामटली. विमानतळावर थांबलोच नाही. मागून लोकांनी शिव्या घातल्या, घालू दिल्या. दवाखान्यापर्यंत ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला नाही.

दारात गाडी उभी केली. एक घंटी वाजली. घंटीच्या दोरीला कोणाचा हात नव्हता.

दार उघडं ठेवून वाट पाहिली...

काठी वाजली नाही. कोणी उतरलं नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कितीतरी सकाळी ती चढली. उतरली एकदाही नाही. ते साहेब आता भाषणात सांगतात, विमानतळामुळे गावं जवळ आली. मी त्यांना एक दिवस त्या सीटवर बसवणार होतो. ते बसने येत नाहीत.

मी अजून अधूनमधून त्या बसने जातो. ड्रायव्हरमागची सीट मोकळी ठेवतो, कोणाला बसू देत नाही. लोक वेडा म्हणतात.

माझी थोरली बहीण सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी, बसमध्ये, माझ्या पाठीमागे वारली. रस्ता बंद होऊन एकोणीस दिवस झाले होते.