धवलारणीच्या अकरा कॅसेटी

सहदेव पहिल्यांदा आला तेव्हा सरोज ऑफिसच्या जिन्यात बसून रडत होती, आणि त्या शहाण्याला वाटलं, ही कॉम्प्युटर बिघडला म्हणून रडतेय.

"अहो, डिस्कच भरली असेल... होईल बरी," तो दोन पायऱ्या खालीच थांबून म्हणाला.

"माझी आई मरायला टेकलीय," सरोज म्हणाली. "ती होईल बरी?"

त्याने खिशातून रुमाल काढला, मळका आहे हे पाहून परत खिशात कोंबला आणि तिथेच अवघडून उभा राहिला. सरोजला तशातही हसू फुटलं. रडता रडता हसणाऱ्या मुलीच्या वाटेला जाऊ नये, असं शहाणी माणसं सांगतात. पण शहाणी माणसं डोंबिवलीहून वर्तकनगरला लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडत नाहीत.

अठ्ठ्याण्णवची दिवाळी नुकतीच सरली होती. ऑफिस जमिनीची मोजणी करणाऱ्या एका साहेबांचं. जुने नकाशे स्कॅन करून मशीनमध्ये भरायचे, हे सरोजचं काम. साहेबांनी मासिकाबरोबर आलेल्या सीडीतलं लिनक्स मशीन चालवायला घालून घेतलं होतं. फुकट ते पौष्टिक! पण ते कुणालाच नीट येत नव्हतं, त्यामुळे महिन्याकाठी काहीतरी अडायचंच. सहदेवला ते येत होतं, म्हणून तो महिन्याकाठी यायला लागला. पुढे पुढे काही अडलं नसलं तरी यायला लागला, तो भाग वेगळा.

"फाइल पुसली की ती कचरापेटीत जाऊन पडते," त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. "पेटी रिकामी करत नाही तोवर जागा अडवून बसते."

"आमच्या आत्यासारखी."

तो हसला आणि फाइल मॅनेजरच्या सेटिंगमधली एक खूण काढून दाखवली. "आता बघा. ज्या नावाच्या आधी टिंब, ती फाइल दिसणारच नाही. असते, पण लपलेली."

"टिंब लावलं की गायब?"

"हो. तुमच्या हनुवटीवर आहे ना, तसं."

"ते गोंदण आहे... आणि मी काही गायब नाही."

"नाही," तो पडद्याकडे बघत पुटपुटला. "तुम्ही दिसताय खऱ्या."

त्याचे कान लाल झाले, हे तिने पाहिलं. मग घाईघाईने तो म्हणाला, "काही लपवायचं असेल तर नाव असं द्या, की उघडावंसंच वाटणार नाही कुणाला. टिंब आणि पुढे कॅशे. म्हणजे इंटरनेटचा केरकचरा. त्यात कोण हात घालतंय?"

सरोजची आई, मंजुळाबाई, चेंदणी कोळीवाड्यातली धवलारीण. कोळ्यांच्या घरात भटजीच्या मंत्रांआधी धवलारणीचे धवळे लागतात. हळद कुटायची, मांडव घालायचा, नवऱ्या मुलीला मांडवात बाहेर काढायचं, प्रत्येक गोष्टीचं गाणं वेगळं, आणि ते तोंडपाठ असलेली बाई एकच. मंजुळाबाईंच्या छातीत दुखणं शिरलं होतं. नवी पोरं बॅन्जो-पार्टीवर नाचायची, धवळे शिकायला कुणी बसेना. सरोजसुद्धा बसली नव्हती. शाळेत असताना तिला त्या गाण्यांची लाज वाटायची, आणि आता त्या लाजेचीच लाज वाटत होती. म्हणून पावसाळाभर आईच्या उशाशी टेपरेकॉर्डर ठेवून तिने अकरा कॅसेटी भरल्या.

"कॅसेटी खाऱ्या हवेत टिकायच्या नाहीत," सहदेव म्हणाला. "मशीनमध्ये घेऊ या."

टेपमधून वायर काढून मशीनला जोडायची, आणि तासाभराची कॅसेट मशीनमध्ये जायला तासभरच. घाई चालत नाही. साहेब साइटवर गेले की दुपारी दोघं एकाच हेडफोनचा एकेक कान धरून बसायची. अकरा कॅसेटी, अकरा दुपारी. मध्येच मंजुळाबाई खोकायच्या, तेव्हा सरोजची बोटं टेबलाच्या कडेवर आवळायची. चौथ्या दुपारी त्या बोटांवर सहदेवने आपला हात ठेवला... आणि काढला नाही.

आईने एकदा डब्यातून जवळ्याची चटणी धाडली. "मशीनवाल्या पोराला दी," म्हणाली.

"आमच्या घरी मासे चालत नाहीत," सहदेव घाबरून म्हणाला. साताऱ्याकडचं माळकरी घर त्याचं.

"मग नको खाऊस. आईला सांगते, आवडली नाही."

त्याने खाल्ली. डोळ्यांतून पाणी काढत, पाण्याचे तीन ग्लास रिचवत, सगळी खाल्ली. त्या दिवसापासून सरोज त्याला अरे-तुरे करायला लागली.

माघात मंजुळाबाई गेल्या. तेराव्याच्या आधीच आत्याने त्यांची लुगडी, फणी, पानाची चंची गोळा केली आणि खाडीत सोडली. त्या गाठोड्यात अकराही कॅसेटी गेल्या. "मेल्या मान्साचा आवाज घरान ठेवू नये गो," आत्या म्हणाली. तिने काही वाईट मनाने केलं नव्हतं. सरोज किनाऱ्यावर धावत गेली तेव्हा ओहोटी लागली होती. आता आई होती ती फक्त ऑफिसच्या मशीनमध्ये.

मार्चात साहेब सगळ्यांच्या टेबलांजवळून फिरले. "डिस्कवर कुणाचं काही खाजगी असेल तर काढून टाका. नाहीतर मला काढावं लागेल." सहदेव त्या महिन्यात विठ्ठलवाडीच्या एका कारखान्यात अडकला होता, त्याचं येणं नव्हतं. सरोजला त्याचं शिकवणं आठवलं. 'आई' नावाच्या फोल्डरचं नाव तिने बदललं. टिंब. कॅशे. फोल्डर डोळ्यांआड झालं आणि तिला हायसं वाटलं. त्याला सांगायचं राहिलं. अशा गोष्टी भेटल्यावर सांगायच्या असतात, शेजारच्यांच्या फोनवर कुठे सांगणार?

रोज जेवणाच्या सुट्टीत ती अकरावी कॅसेट ऐकायची. त्या दिवशीही ऐकत होती, तोच साहेब आले. तिने गाणं थांबवलं, पडद्यावरची त्याची खिडकी खाली ढकलली. "माजिवड्याला जाऊन नकाशे घेऊन या, ताबडतोब," साहेब म्हणाले. ती गेली.

दोन तासांनी घामाघूम होऊन परत आली, तर तिच्या खुर्चीत सहदेव! तीन आठवड्यांनी दिसला होता. नकाशांची गुंडाळी तिच्या हातातून पडता पडता राहिली.

"साहेबांनी बोलावलं, धावत आलो. डिस्क पार गच्च भरलेली," तो खुशीत म्हणाला. "केली मोकळी. काय गं, दिवसभर इंटरनेट बघतेस काय? दोन जीबीचा कचरा साठवलेलास!"

सरोजने गुंडाळी टेबलावर ठेवली. "कुठला कचरा?"

"टिंब कॅशे. एका फटक्यात उडवला. हुकूम टाइप करून उडवलं की कचरापेटीतपण जात नाही, थेट..."

तो थांबला. तिचा चेहरा त्याने पाहिला. मग हळूहळू त्याचा स्वतःचा चेहरा उतरत गेला. सांगावं लागलंच नाही काही.

"नाही," तो म्हणाला. "सरोज, नाही... ती 'आई' नावाने होती ना?"

"तूच शिकवलेलंस," ती म्हणाली. "त्यात कोण हात घालतंय, म्हणालेलास."

आई दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी नेणारा तिचा लाडका होता.

"काय चाललं आहे?" साहेब आतून आले. "जागा झाली ना?"

"झाली..." सहदेव यंत्रासारखा बोलला. "पण हिशोब जुळत नाही. जेवढं पुसलं तेवढी जागा सुटली नाही. थोडी कुणीतरी अजून धरून..." आणि तो एकदम ताठ झाला. "सरोज, तू काही ऐकत होतीस? जाताना बंद केलेलंस का?"

"नाही. थांबवलेलं नुसतं."

"त्यात एवढा विचार कसला करायचा?" साहेब म्हणाले. "मशीन बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे सुटेल उरलेली." त्यांनी बटणाकडे हात नेला.

सहदेवने तो हात मनगटाला धरून बाजूला सारला. साहेबांच्या ऑफिसात असं आजवर कुणी केलं नव्हतं.

"पुसलेली फाइल कुणी उघडून धरली असेल तर ती मरत नाही," तो सरोजला म्हणाला. "नाव जातं, पण धरणाऱ्याने सोडेपर्यंत असते. बटण दाबलं की संपलं."

तो हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत टाइप करू लागला. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लागलं. अकरावी परत आली. ठेवायला जागा होती, कारण बाकीच्या दहा गेल्या होत्या. त्या कुणीच धरून ठेवल्या नव्हत्या.

"उद्यापासून आपण येऊ नका," साहेब सहदेवला म्हणाले. आवाज शांत होता. "आज साठवलंत तेही घेऊन जा."

सरोजने हेडफोन लावला. या वेळी दुसरा कान त्याने मागितला नाही. अकरावी कॅसेट सर्वांत वाईट होती. तिच्यात धवळा अर्धाच होता. पुढे खोकला, आणि मग आईचं खेकसणं : "बंद कर गो ती मशीन. मना दम लागते. आन् जेव जा आगोदर, कवाची उपाशी बसलीस..."

ती इतकं रडली, की साहेबसुद्धा आपल्या खोलीत निघून गेले.

संध्याकाळी वर्तकनगरच्या बसस्टॉपवर दोघं उभी होती. ती फाइल तुकडे करून भरलेल्या फ्लॉपींचा ढीग सहदेवच्या पिशवीत होता.

"संक्रांतीपासून तुला विचारीन म्हणत होतो," तो खाली बघत म्हणाला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. आता विचारायला तोंड राहिलं नाही. मला माफ करू नकोस."

"नाहीच करणार."

सहदेवने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"धवळ्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही," सरोज म्हणाली. "आईने सांगून ठेवलेलं. 'मी नसले तर तुझ्या लग्नात कॅसेट लाव.'"

"सातवी," तो म्हणाला. "मुलीला बाहेर काढतानाची. शेवटाला आई तुझं नाव घेतात."

तिने त्याच्याकडे पाहिलं. सातव्या कॅसेटीच्या शेवटाला काय आहे, हे जगात आता दोघांनाच ठाऊक होतं.

"माझं लग्न मुकंच लागणार, नवरा कुणीही असो," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाशी केलं, तर त्याला वाटेल, कॅसेटीच तर होत्या. तुला तसं कधीच वाटणार नाही. जन्मभर डाचत राहील तुला."

"राहील."

"मग मला तूच हवास."

त्याने आता कुठे मान वर केली.

स्टेशनकडे जाणारी बस आली. सरोज चढली आणि दांडा धरून मागे वळली. "चढ ना! बाबा घरी आहेत. आधी काय पुसलंस ते सांगायचं. माझा हात मागायचा तो नंतर."

पिशवी छातीशी धरून तो चढला.