चौदा ग्रॅम

"अहो, आधी राख लावा हातांना!" मी ऑफिसच्या दारातून ओरडले. पण तोवर त्याने काजूच्या टरफलांच्या ढिगात दोन्ही हात घातलेसुद्धा होते.

आमचा वेंगुर्ल्यातला कारखाना छोटा. तिथल्या बायका हातांना राख चोळल्याशिवाय टरफलाला शिवत नाहीत, कारण त्यातलं तेल कातडी जाळतं. आणि हा केयूर, पुण्याच्या विद्यापीठातून संशोधनाला आलेला... याला एवढं ठाऊक नसावं?

"मी हातमोजे घातलेत," तो ऐटीत म्हणाला. पातळ, डॉक्टर घालतात तसले.

टरफलं फोडणाऱ्या बायकांतली सुशीलाकाकी हसायला लागली. "ते मोजे खंय टिकतत रे? उद्या बघ हातांची दशा!"

दशा झालीच. बोटांवर फोड आले, दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या, आता नोंदी लिहिणार कोण? भाईंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पुढे केलं. "गौरजा, तू केमिस्ट्री शिकलंस मगे? लिवन दी गो तेका."

मागच्या शेडमध्ये तो सांगायचा, मी लिहायची. एकदा मी विचारलंच, "या तेलाचं नक्की करायचंय काय?"

"खूप खोल, शेल नावाच्या घट्ट खडकात गॅस अडकलेला असतो. पाण्याच्या दाबाने खडकाला भेगा पाडायच्या आणि त्या मिटू नयेत म्हणून आत वाळू भरायची. पण वाळू चिरडली तर भेग मिटते. म्हणून वाळूवर या तेलाचा लेप द्यायचा."

"म्हणजे वेंगुर्ल्यात गॅस गावतलो काय?" सुशीलाकाकीने दारातून विचारलं.

"इथे नाही हो काकी, तिकडे गुजरातेत."

"म्हणजे वाळूची काळजी घेता येते," मी म्हटलं, "फक्त स्वतःच्या हातांची घेता येत नाही!"

तो हसला. हसताना खाली बघायची सवय होती त्याला... आणि मला तो आवडला. उगाच आडवळणं कशाला घ्या?

दहाव्या दिवशी भाई त्याला जेवायला घेऊन आले. आईने कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण केलं होतं. पट्ट्या सुटल्या होत्या, बोटांवर नवी गुलाबी कातडी आली होती, आणि स्वारी दोन्ही हातांनी नांग्या फोडत होती. मी हळूच म्हटलं, "कुर्ली फोडता येते, पण पेन धरता येत नाही. असं का रे?"

पहिल्यांदाच त्याला 'रे' म्हटलं होतं. त्याचे कान लाल झाले. "पेन... जरा बारीक असतं."

दुसऱ्या दिवशी त्याने वही माझ्यापुढेच ठेवली. मीही मुकाट्याने पेन उघडलं.

शनिवारी शेवटची चाचणी होती. शंभर ग्रॅम वाळू दाबाखाली ठेवायची. दहा ग्रॅमपेक्षा जास्त पीठ झालं, तर लेप नापास. पास झाला तर केयूर आणखी दोन महिने इथेच राहून लेप करणार होता. नापास झाला तर सकाळच्या गाडीने पुणे, आणि तिथे दुसऱ्या कुठल्यातरी तेलावर काम.

त्याने दाब दिला, वाळू चाळली, पीठ माझ्यापुढच्या काट्यावर ठेवलं आणि पाठ फिरवून यंत्र पुसायला लागला. बघायची हिंमत नसावी.

चौदा.

मला तो हवा होता. दोन महिने, रोज, याच शेडमध्ये. पेन माझ्या हातात होतं, नऊ लिहायला कितीसा वेळ लागतो? पण त्याच्या संशोधनाची चार वर्षं त्या वहीत होती. मी चौदा लिहिलं आणि मोठ्याने वाचलं.

तो वळला, काट्यावरचा आकडा बघितला आणि म्हणाला, "नऊ लिहिलं असतंस, तरी मी तपासलं नसतं."

"म्हणून तर नाही लिहिलं."

"बरं... पुढची नोंद लिही."

"आता कसली?"

"लिही तर. तेलाचं काम संपलं. उद्या पुण्याला परत."

मी लिहिलं. अक्षरं धूसर दिसत होती.

"पुढच्या शनिवारी पुन्हा वेंगुर्ले. कारण—" तो थांबला.

"कारण काय लिहू?" मी मान वर केली नाही.

"तेल नाही, वाळू नाही... निमित्तच उरलं नाही, गौरजा. नुसता तुझ्यासाठी आलो तर चालेल?"

मला एकदम प्रमाण मराठी सुचेना. "माका चलात," मी म्हटलं. "पण भाईंका खरा सांगूक व्हया. 'गौरजाक भेटाक इलंय', म्हण बघू."

"गौरजाक भेटाक... इलो?"

"इलंय!"

"इलंय," तो म्हणाला, आणि या वेळी खाली न बघता हसला.

सुशीलाकाकी टोपली घेऊन दारात कधीपासून उभी होती, कोण जाणे. "पुढचो शनिवार कित्याक? भाई हयच आसत. हाक मारू काय रे?"

केयूरच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्याने माझ्याकडे पाहिलं, शर्टावरची वाळू झटकली आणि म्हणाला, "मारा, काकी."