आठ हातांची सवत

काचकाम करणारी ती मत्स्यालयात आली होती एका टाकीचं माप घ्यायला. जुनं झाकण तडकलं होतं. टाकीत नुसता एक खडबडीत दगड. तिने पट्टी टेकवली, तसा दगडाने डोळा उघडला आणि बघता बघता लालभडक झाला. ती दचकून मागे सरली, ती थेट टाकी सांभाळणाऱ्याच्या अंगावर.

"घाबरू नका," तो म्हणाला. "ही आमची ठकी. ऑक्टोपस आहे. नवीन माणूस दिसलं की आधी दगड होते, मग रागावते."

"आणि तुम्ही? नवीन माणूस दिसलं की काय करता?"

"मी... चहा विचारतो."

चहा झाला, पण बोलणं सगळं ठकीचंच. तिला तीन हृदयं, रक्त निळं. आठही हातांना चव कळते, नुसता हात धरून ती माणूस ओळखते. सांगताना त्याचे डोळे असे चमकत, की कुणीही आपलं घर सोडून त्यांच्यात राहायला जावं. पण ते डोळे लागलेले टाकीकडे.

माप एकदा घेऊन भागलं असतं. ती पुन्हा पुन्हा गेली. एकदा त्याच्या मनगटावर गोल गोल लाल खुणा दिसल्या.

"हे काय?"

"ठकीने धरलं होतं. सोडतच नव्हती." आणि तो हसला... अगदी लाडाने.

काचेचं दुकान तिच्या मावशीचं. त्या दिवशी भाचीने दोन काचा चुकीच्या कापल्या, तेव्हा मावशी म्हणाली, "लोक बायकांवर जळतात. तू बाजारात किलोवर मिळणाऱ्या जिवावर जळतेस?"

"मी नाही जळत."

"नाही कशी. आठ हातांची सवत आहे, बाई. तुझे दोनच."

झाकण झालं. जाड, नितळ, कडा घासून गुळगुळीत. फक्त हात आत घालायचं, एरवी बूच लावायचं भोक तेवढं तिने पाडलं नाही. तो खाली पंपाशी असताना झाकण बसवलं, कड्या आवळल्या आणि निघून आली.

दुसऱ्या दिवशी झाकण काखेत घेऊन तो दुकानात हजर.

"भोक राहिलं. ठकी कालपासून उपाशी आहे. झाकण उचललं की खेकडा आत जायच्या आधी तीच बाहेर येते. आता टाकीवर फळी बांधून आलोय."

मावशी मागच्या घरात जाऊन उगाच भांडी वाजवू लागली.

"विसरले," ती म्हणाली. मग त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघून तिला राहवेना. "नाही... मुद्दाम नाही पाडलं. तिने रोज तुमचा हात धरायचा, आणि मी पट्टी धरून बसायचं."

तो झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. झालं, तिला वाटलं. मुक्या जिवाला उपाशी ठेवणारी याला कशाला हवी...

"हात द्या. माप घेते."

तिने त्याच्या हाताभोवती दोरा गुंडाळला. दोरा दोनदा निसटला.

"काही बोलला नाहीत."

"बोलतो. भोक जरा मोठं पाडा."

"का, हात सुजलाय?"

"नाही." दोऱ्यासकट त्याने तिचा हात धरला. "दोन हात मावायला हवेत... एक तुमचा. ठकीला सवय करावी लागेल."

"आणि तुम्हाला?"

"मला कधीच झालीय."

आत वाजणारी भांडी एकाएकी थांबली.