व्हरांड्याची ओली भिंत

दिवाळीच्या सुट्टीत बाबांचा डबा घेऊन मी कोठीवर गेले. पुलगावच्या अलीकडे, वर्धा नदीच्या काठावर भोसल्यांच्या वेळची ती कोठी मधुकरराव दुरुस्त करून घेत होते. हवापालटाला येणाऱ्यांनी तिथे राहावं, अशी त्यांची हौस. चुन्याचं सगळं काम बाबांकडे होतं.

व्हरांड्याच्या भिंतीला नुकताच गिलावा झाला होता. तो लवकर वाळला तर तडकतो, म्हणून बाबा कुंच्याने पाणी मारून तराई करत होते.

"इथून नदी किती छान दिसते," मी म्हटलं.

"पाहून घे. मले तराईतून फुरसत नाई."

"मग तुम्ही कधी पाहणार?"

"भिंत झाली का पाहीन."

बाबांना हातातलं काम सोडायला आमच्या घरी कोणी सांगत नसे. लहानपणापासून मला ते सांगावंसं वाटे. त्या दिवशीही वाटलं. मी डबा उघडून ठेवला आणि नदी पाहत बसले.

त्याच रात्री बाबा झोपेतच गेले.

तेरवी झाल्यावर मधुकररावांचा निरोप आला, कोठीत पहिले पाहुणे तुम्हीच. आईने लगेच ट्रंक काढली. "त्यायनं सजवली, अन् आपण नाई राह्याचं?"

कोठीत आई खोल्याखोल्यांतून फिरली. गुळगुळीत भिंतींना गाल लावून पाहिला. दुपारी अंगणात गोवऱ्या पेटवून तिने रोडगे भाजले. चौकीदार चंद्रभान राख झटकून खात होता.

"तू चौकीदार हायेस का पाहुणा? नुसता खाऊन राह्यला."

"पाहुण्याले कोणी एवढी राख चारते का, काकू?"

आई हसली. कितीतरी दिवसांनी मीही हसले.

मग तिचं लक्ष व्हरांड्याकडे गेलं. "बरं झालं रे, भिंतीले पाणी मारत राह्यला ते."

चंद्रभानचा हात थांबला. "मी कुठी मारतो? मले वाटलं, मालकानं माणूस लावला. रोज ओलीच रायते."

आईने उठून भिंतीवर तळहात टेकवला. "तडकली नाई," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

ऊन कललं तेव्हा आई आत पडली होती, चंद्रभान गावात गेला होता. मी व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसले. उन्हाने भिंत एका कोपऱ्यात पांढरी पडू लागली होती.

आधी ओल्या चुन्याचा वास आला.

मग त्या पांढऱ्या कोपऱ्यात कुंच्याएवढा रुंद, गडद पट्टा उमटला. त्याच्या खाली दुसरा, पहिल्यावर अर्धा चढवलेला. बाबा तसाच मारायचे. ना बादली, ना माणूस.

मला भीती वाटायला हवी होती. मला हसू फुटत होतं.

पट्टे सरकत माझ्यापर्यंत आले आणि थांबले.

माझ्या बाहीवर पाणी उडालं. गार होतं.

मी पुस्तक मिटलं.

"बाबा, भिंत राहू द्या. माझ्याजवळ बसा."