पेर्लाच्या घरचं पाणी

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा चिखलात बसलेला होता. बसला कसला — घसरला होता! झऱ्याकडून खाली उतरणाऱ्या वाटेवर, ऐन वळणावर, दोन्ही पाय पसरून. आणि हातातली फाइल मात्र छातीशी घट्ट धरलेली.

"लागलं का हो?" मी विचारलं.

"फाइलला? नाही," तो म्हणाला.

माझ्या खांद्यावर कावड होती, दोन्ही बाजूंना तुडुंब भरलेले डबे. हसले तर पाणी सांडणार, आणि ते पाणी आणायला मी पहाटे उठून अर्धा तास डोंगर चढले होते. तरी हसलेच. काय करणार... गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेहरा असा गंभीर, की जणू काही झालंच नाही.

"मी क्रिसांतो. सांतो म्हणतात. मनिलाहून आलोय, तुमच्या गावात नळाचं पाणी आणायला."

"आधी उठा तर खरं. मग पाणी आणा."

उठला. वर म्हणतो, "द्या ती कावड, मी नेतो."

"सांडाल."

"छे, काय सांडतोय!"

सांडलं. घरी पोचेपर्यंत दोन डब्यांचा एक डबा झाला होता. पण अंगणात डबे ठेवून त्याने मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही समुद्रच उचलून आणला होता. नेमकं त्याच वेळी समोरच्या दुकानाच्या खिडकीतून तिया पासिंगने ते पाहिलं. ही माझी आत्या. दुकानात मीठ, साबण आणि सुके मासे विकते, आणि गावच्या बातम्या फुकट देते.

आमच्या कलुम्पितमध्ये मुलाला मुलगी आवडली तर तो मुलीला सांगत नाही. तिच्या घरी जाऊन पाणी भरतो. लाकडं फोडतो. महिना, दोन महिने, चार महिने... तोंडातून एक शब्द न काढता. मुलीचा बाप कॉफी पीत ओसरीवर बसून बघतो, पोरगा कामाचा आहे की नुसता बोलका. शहरात हे सगळं कधीच संपलं, तिथे म्हणे फोनवर लाल बदाम पाठवले की झालं. आमच्याकडे अजून चालतं, कारण पाणी तसंही भरावंच लागतं आणि बापांच्या कमरा तशाही दुखतात.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं — पेर्लाच्या घरी मनिलाचा पोरगा पाणी भरायला लागला!

दुसऱ्या दिवशी सकाळी सांतो पुन्हा हजर. माझ्या वडिलांना, म्हणजे ताताय पोल्दोंना भेटायला. झरा आमच्या नारळीच्या वाडीत येतो, तेव्हा ताताय हो म्हणाले तरच नळ. तालुक्याच्या गोदामात एकाच गावापुरते पाइप होते. एक तर आम्हाला मिळणार, नाहीतर डोंगरापलीकडच्या गावाला. अट अशी, की सान इसिद्रो या संताच्या सणाआधी घरटी वीस दिवस अंगमेहनत द्यायला अख्ख्या गावाने सही करायची, आणि झऱ्याच्या मालकानेही. आमच्या तातायनी आजवर तीन साहेबांना परत पाठवलं होतं. एकाने तर नळ यायच्या आधीच योजनेची पाटी लावून फोटो काढला होता. ती पाटी सध्या आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार आहे.

"मांग पोल्दो, झऱ्याबद्दल जरा बोलायचं होतं," सांतो म्हणाला. मांग म्हणजे आमच्याकडचं 'काका'.

"लाकूड फोडता येतं?"

"अं... शिकेन."

"मग शीक. बोलायला अख्खं आयुष्य पडलंय." आणि तातायनी कुऱ्हाड त्याच्या हातात दिली.

वेडा खूश झाला हो! त्याला म्हणे प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं — लोकांत राहा, लोकांबरोबर राबा, मग लोक आपले होतात. दुपारी मला वही दाखवली. लिहिलं होतं, 'दिवस पहिला. मांग पोल्दोंनी कुऱ्हाड दिली. विश्वास वाढतो आहे.'

तेव्हाच सांगायला हवं होतं मी. अहो, ही कुऱ्हाड नळाची नाही, लग्नाची आहे! नाही सांगितलं. पहिला आठवडा तरी साधं कारण होतं — मला सकाळी तासभर जास्त झोप मिळत होती.

दुसऱ्या आठवड्यात कारण बदललं. आता त्याचं पाणी सांडत नव्हतं. ओल्या केसांनी तो वाट उतरून यायचा, डबे ठेवायचा आणि सगळ्यात आधी नजर फिरवून बघायचा, मी कुठे आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, मासे तळत. एवढा वेळ तळायची त्या माशांना काही गरज नव्हती. रोज करपायचे. तातायनी सलग चार दिवस करपलेले मासे खाल्ले आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"पेर्ला," एकदा तो खिडकीशी येऊन म्हणाला, "तुझ्या वडिलांना माझं काम आवडतंय का गं?"

"मला काय माहीत? मी काय त्यांच्या मनात शिरले?"

"आणि... तुला?"

"मला काय?"

"माझं... काम."

"लाकडं ओबडधोबड फोडतोस. चुलीत मावत नाहीत."

"उद्या लहान फोडतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी इतकी लहान फोडली की काडेपेटीत भरावीत. मी तोंडाला पदर लावायचा तर पदर कुठला आमच्याकडे, हातातला डाव लावला. गालाला काजळी लागली ती दिवसभर तशीच. त्याने पाहिली, पण सांगितलं नाही मेल्याने. नुसता बघून बघून हसत होता.

इकडे गावात सह्यांचा पूर आला. सांतो माझ्यापाशी येऊन डोळे मोठे करून सांगायचा, "तीन जिल्हे फिरलो गं, असं गाव पाहिलं नाही! मी तोंड उघडायच्या आत माणूस म्हणतो, वीस काय, माझे पंचवीस दिवस लिही. आणि किती जिव्हाळा... आईवडील आहेत का विचारतात. दारू किती पितोस विचारतात. कालच्या म्हातारीने तर माझे दात बघितले!"

"हो का..." मी म्हटलं. आणि पटकन चुलीकडे वळले.

कारण तिया पासिंगने दुकानात बसून काय सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं. "बाहेरचा माणूस पाटी लावून पळतो. जावई कुठे पळणार? पळाला तर सासरा कान धरून आणील." बावन्न घरांनी सह्या केल्या. नळावर विश्वास ठेवून एकानेही नाही. पोल्दोच्या जावयावर ठेवून!

आता खरं सांगितलं तर नळ जाणार. गावातल्या सगळ्या बायकांच्या खांद्याला कावडीचे घट्टे पडलेत, मलाही. आणि नाही सांगितलं, तर एका भल्या माणसाच्या गळ्यात न विचारता नवरी बांधली जाणार. ती नवरी मी असले म्हणून काय झालं? त्याला मी हवी आहे की झरा, हे मला कुठे माहीत होतं? आणि मला तर ते कळायलाच हवं होतं... आता लपवून काय उपयोग, मी पुरती बुडाले होते.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी चर्चच्या अंगणात सभा भरली. सांतोने इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताताय उठले, घसा साफ केला.

"झरा माझा. आजपासून गावाचा. माझा होणारा जावईच मागतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणू?"

टाळ्या पडल्या. सांतोही टाळ्या वाजवत होता. मग हात थांबले.

"जावई? कोण जावई?"

"लाजतोय बघा पोरगा!" तिया पासिंग ओरडली, आणि सगळं अंगण हसलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. पाणी... कुऱ्हाड... आईवडील... दात... त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उजाडताना मला दिसत होती. माझ्याने बसवेना. उभी राहिले.

"त्याला माहीत नव्हतं," मी म्हटलं. आवाज असा फुटला की चर्चच्या कौलांवरची कबुतरं उडाली. "तो नळासाठी पाणी भरत होता. माझ्यासाठी नाही. मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. चूक माझी आहे. त्याला कुणी काही बोलायचं नाही!"

मांग तिनो उठले. आमचे शेजारी. "माझं नाव खोडा. पंचवीस लिहिलेत ना? ते आधी खोडा." पाठोपाठ दुसरा उठला, तिसरा. तातायनी हातातल्या संमतीच्या कागदाची हळूच घडी घालायला घेतली. तिया पासिंग सांतोच्या कानाशी लागून, आपल्या मते कुजबुजत, म्हणजे पूर्ण सभेला ऐकू जाईल असं म्हणाली, "अरे, माहीत होतं म्हण की! एक शब्द! नळही येईल, बायकोही येईल!"

म्हणेल? म्हणाला तर... नळ येईल, मला तो मिळेल, आणि तो खरा की खोटा हे मला कधीच कळणार नाही.

"मला माहीत नव्हतं," सांतो म्हणाला. "पेर्ला खरं सांगतेय. मी पाइपांसाठीच येत होतो. निदान पहिले आठ-दहा दिवस तरी..." तो थांबला. कान लाल झाले होते. "पुढचं आज बोलणार नाही. आज बोललो तर तिला जन्मभर शंका राहील, हा माझ्यासाठी बोलला की झऱ्यासाठी. तुम्हाला नावं खोडायची असतील तर खोडा. फक्त पाणी तुमचं आहे, माझं नाही, एवढं लक्षात ठेवा."

ताताय सांतोकडे वळले.

"तीन साहेब येऊन गेले," ते म्हणाले. "तिघंही मला आवडेल तेवढंच बोलले. मला न आवडणारं तोंडावर बोलणारा हा पहिलाच." कागदाची घडी उलगडली, सही केली. "जावई नाही तर नाही. झरा दिला. आणि तिनो, नाव खोडायचं तर खोड. फक्त नळ तुझ्या दारावरून सरळ पुढे जाईल."

"तसं नाही रे..." मांग तिनो खाली बसले. "पंचवीसच राहू दे."

मग दीड महिना खणणं चाललं. अख्खं गाव राबलं. पुरुषांनी चर खणले, बायकांनी वाळू वाहिली, म्हाताऱ्यांनी सल्ले दिले. सांतो रोज कामावर, पण आमच्या अंगणात एकदाही फिरकला नाही. पाणी पुन्हा मीच भरायला लागले. झोपही गेली आणि तोही! मी सगळ्यांना केळीच्या पानातला गोड भात वाटायचे, त्याच्यापाशी आले की तो म्हणायचा, "आभारी आहे, मिस पेर्ला." मिस पेर्ला! चिखलात ढकलून द्यावंसं वाटायचं. पण रात्री अंथरुणावर तेच दोन शब्द मी हजारदा ऐकायचे.

ज्या दिवशी नळाला पाणी आलं त्या दिवशी ताताय नळ उघडायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे. तिया पासिंग ढसाढसा रडली. आणि त्याच दुपारच्या जीपने सांतो कागदपत्रं घेऊन मनिलाला गेला. सगळ्यांना "येतो" म्हणाला. मला दोनदा म्हणाला.

अकरा दिवस गेले. जीप रोज यायची, त्यातून नारळाची पोती उतरायची. आणि मी? मी धो धो वाहत्या नळाशी उभी राहून भांडी घासायचे, आणि ज्या नळासाठी एवढं झालं त्याचाच राग राग करायचे.

बाराव्या दिवशी सकाळी अंगणात तांदूळ धुवायला बसले होते. झऱ्याच्या वाटेवरून कुणीतरी उतरत होतं. खांद्यावर कावड, ओले केस. डबे भरलेले, आणि थेंबही सांडत नव्हता.

तो आला. डबे माझ्यासमोर ठेवले. दम लागला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"पाणी."

"आमच्याकडे नळ आलाय. तुम्हीच आणलात."

"चांगला चालतोय?"

"दिसत नाही का, धो धो!"

"बरं झालं," तो म्हणाला. "कागद दिले काल. काम संपलं. आता मला या गावाकडून काही नको. सही नको, झरा नको, कुणाचे वीस दिवस नकोत..."

"मग कशाला आलास?" मी विचारलं.

"तुझ्या घरी पाणी भरायला. या वेळी माहीत असून."

माझ्या बोटांतून तांदूळ निसटत होते. "तोंडाने बोल ना रे," मी म्हटलं. "माझा जीव टांगून ठेवलास दोन महिने..."

"मला तू आवडतेस, पेर्ला. पाइप संपले, तरी आवडतेस."

"मला तर पाइप यायच्या आधीपासून," मी म्हटलं. आणि मग वाहता नळ तेवढा बोलत होता.

ताताय कॉफीचा पेला घेऊन बाहेर आले. त्यांनी सांतोकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं. पेला ओसरीवर ठेवला. घरामागे जाऊन घरच्या पाइपाची चावी फिरवली. नळाची धार बारीक झाली, आणि थांबली.

"ताताय! हे काय?"

"पोरगा पाणी भरायला आलाय. नळ चालू ठेवला तर त्याच्या पाण्याला कोण विचारणार?" ताताय म्हणाले. "दोन महिने बंद."

"दोन?" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

तातायनी कॉफीचा घोट घेतला. विचार केला. "बरं, एक."

"एक दिवससुद्धा जास्त नाही हं," मी म्हटलं, आणि सांतोने आणलेल्या डब्यातलं पाणी ओतून तांदूळ धुवायला घेतले.