डाव्या अंगानं पळणारा

ज्योत्स्नाच्या हातात डबा होता, डब्यात मुगाची पातळ खिचडी होती आणि मंचरच्या दवाखान्याचा जिना चढताना फिनेलचा वास नाकात बसला होता. साधं काम. मैत्रीण अंथरुणाला खिळली आहे, तिला डबा द्यायचा, दोन शब्द बोलायचे आणि दिवस मावळायच्या आत अवसरीची गाडी पकडायची.

वैष्णवीच्या मांडीचं हाड मोडलं होतं. पायाला वजन लटकवलेलं, नजर छताला. दोघी अवसरी बुद्रुकच्या, घराला घर लागून, आणि बारावी झाल्यापासून दोघींनी एकच ध्यास घेतला होता, पोलीस भरती. सन दोन हजार तीनचा हिवाळा होता. आता भरती म्हटली की पळणं आलं आणि पळायचं तर जागा हवी. शाळेचं पटांगण एवढंसं, चार फेऱ्यांत घेरी यायची. मग उरतो कोण? डांबरी रस्ता. तोही पहाटेच्या अंधारात, कारण उजेडात पोरी पँट घालून पळताना दिसल्या की पारावरच्या म्हाताऱ्यांना एकदम खोकला यायचा.

पण त्याच वेळेला रस्त्यावर दुसरीही पळापळ असते, बरं का. तरकारीच्या जीपा मंचरच्या बाजाराला निघालेल्या असतात. जो आधी पोचेल त्याला भाव, म्हणून एकेकाचा पाय ॲक्सिलरेटरवरनं उठत नाही. दुधाचे टेम्पो असतात, मागे लाल दिव्याचं नाव नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. आणि मधल्या फूटभर जागेत भरतीची पोरं. दर साल एखाद-दुसरं जायचं. चार दिवस गाव हळहळायचं, पाचव्या दिवशी पोरं पुन्हा रस्त्यावर.

ज्योत्स्नाचे वडील नानासाहेब एसटीत ड्रायव्हर. पोरगी पळणार म्हटल्यावर त्यांनी काय करावं? एक दिवस तिला आहुप्याच्या मुक्कामी गाडीत पुढच्या सीटवर बसवली आणि सांगितलं, "समोर बघ. मानूस दिसला की बोट कर." अंधार पडला होता. ज्योत्स्ना डोळे फाडून बसली. डोक्यावर मोळी घेतलेला एक माणूस उजेडात उगवला, आणि तिचं बोट सरळ होईस्तोवर तो खिडकीच्या मागं गेलासुद्धा.

"बघितलंस?" नानासाहेब म्हणाले. "तुला वाटतं, तुला गाडी दिसली म्हंजी गाडीला तू दिसलीस. तसं नसतं, बाई. ड्रायव्हरला तू दिसतीस तवा लई उशीर झालेला असतो."

तेव्हापासून दोघींना त्यांचा नेम लागला. उजव्या अंगानं पळायचं, गाडी तोंडासमोरून आली पाहिजे. दिवा दिसला की डांबर सोडायचं, साइडपट्टीच्याही खाली उतरायचं. गाडीला पाठ द्यायची नाही म्हणजे नाही. शाळेत सगळ्यांनीच घोकलं होतं, रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला. नानासाहेब म्हणायचे, ते गाडीला सांगा, माणसाला नको.

मग असा नेम पाळणारी वैष्णवी समोरून आलेल्या जीपखाली सापडली कशी? ज्योत्स्नाला त्या दिवशी ताप होता, वैष्णवी एकटीच गेली होती. जीपवाला शपथेवर सांगत होता, पोरगी समोर बघतच नव्हती, मान मागं वळवून पळत होती. गाव म्हणालं, चोराच्या उलट्या बोंबा.

"खरं बोलतोय गं तो," वैष्णवी हळूच म्हणाली.

"कोण?"

"जीपवाला. मी मागंच बघत व्हते. त्यानं विचारलं म्हणून."

"कुणी विचारलं?"

वैष्णवीनं शेजारच्या खाटेकडं पाहिलं. तिथली बाई झोपली होती. "पलीकडनं एक पोरगा पळतो. डाव्या अंगानं. तोंड दिसत न्हाई… तो विचारतो, ताई, माझ्या मागं काय येतंय का… लई काकुळतीला येऊन विचारतो गं. कुनीबी वळून बघंल." तिनं ज्योत्स्नाचं मनगट घट्ट धरलं. "तू बघू नको. माझं एवढं ऐक."

ज्योत्स्ना घरी आली, पण ही गोष्ट घरात सांगायची सोय नव्हती. छप्पन्न सालानंतर तिच्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. त्यांच्यासंगं भुतंपण वाहून गेली, असं नानासाहेब हसून सांगायचे. ज्योत्स्नालाही ते पटलेलं होतं. औषधाच्या गुंगीत वैष्णवी काहीबाही बोलली, अशी तिनं मनाची समजूत घातली.

नानासाहेबांनी मात्र निराळाच निकाल लावला. "भरती गेली उडत. पळणं बंद."

"नाना, भरती तोंडावर आलीय. ह्या खेपंला चुकली तर?"

"तर पुढच्या खेपंला."

"पुढच्या खेपंला तुमी माझं लगीन लावलेलं असंल."

ते खरं होतं. सोयरिका यायला लागल्या होत्या. ती वर्दी अंगावर चढली तर पोरगी आपल्या पायावर उभी राहणार होती, नाहीतर कुणाच्या तरी चुलीपुढं. शेवटी त्यांनी सायकल काढली. ती पळणार, ते मागनं सायकलवर.

पहिले दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी धुकं होतं. कॅनॉलच्या मोरीपासून दोघं परत फिरले आणि थोडं अंतर कापल्यावर ज्योत्स्नाला पलीकडून पावलं ऐकू आली. अनवाणी, डांबरावर, बरोबर तिच्या ठेक्यात. हिनं वेग कमी केला की तीही कमी.

"ताई… माझ्या मागं काय येतंय का?"

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्या आवाजात भिववणारं काहीच नव्हतं हो. लहानपणी अंधारात परसाकडं जाताना आपण आईला म्हणतो ना, उभी रहा गं दारात, तसा तो आवाज होता. तिची मान आपोआप वळायला लागली. मग वैष्णवीचा लटकवलेला पाय आठवला आणि तिनं नजर समोर रोवली.

"नाना, पलीकडं कोन पळतंय का?"

"कोन न्हाई. का गं?"

"काय न्हाई."

त्या दिवशी तिचं कशातच लक्ष लागलं नाही. भाकरी करपली, आईची बोलणी खाल्ली. भीती होतीच, पण भीतीपेक्षा जास्त तिला त्या पोराची दया येत होती. डाव्या अंगानं पळताना ज्याला गाडीची मागून ठोकर बसली, त्याला काय आलं ते शेवटपर्यंत कळलंच नसेल. कळलं नाही म्हणून तो अजून विचारतोय. आणि आपण काय करतो? ऐकून न ऐकल्यासारखं पुढं पळतो. नानांचा नेम आपल्याला जगवतो हे खरं, पण त्या पोराला काय उत्तर द्यायचं हे त्या नेमात नाही. रात्रभर तिला हेच खात होतं.

दुसऱ्या पहाटे धुकं आणखी दाट. मोरीपाशी नानासाहेबांच्या सायकलची चेन पडली.

"थांब जरा," ते म्हणाले.

"थांबले तर अंग गार पडतंय, नाना. तुमी या मागनं." आणि ती निघाली. खरं सांगायचं तर तिला थांबायचंच नव्हतं.

गुऱ्हाळाचा गोडसर धूर धुक्यात अडकून राहिला होता. रात्री कुणीतरी वावराला पाणी भरलं होतं, त्या ओल्या मातीचा वास येत होता. तिचा श्वास, तिचे बूट, एवढाच काय तो आवाज. आणि मग पलीकडची पावलं.

"ताई…"

आज तिनं मागं नाही, पण बाजूला पाहिलं. बनियन, खाकी अर्धी चड्डी, अनवाणी पाय. भरतीच्या वयाचा पोरगा. तोंड सरळ समोर, मान खुंटासारखी ताठ.

"माझ्या मागं काय येतंय का?"

ज्योत्स्ना बोलली. "तूच बघ की वळून."

"मान वळत न्हाई, ताई."



"मग इकडं ये. ह्या अंगाला. इकडनं समोरची गाडी दिसती."

"गुर्जींनी डावी बाजू सांगितलीय… सोडायची न्हाई म्हणून." त्याचा श्वास आता लागल्यासारखा येत होता. "ताई, बघा ना… पाठीवर उजेड पडलाय का… पाठ गरम लागतीय…"

आता काय करावं माणसानं? पळता पळता वळून बघितलं तर वैष्णवीसारखी गत. न बघावं तर हा असा गयावया करतोय. ज्योत्स्नाला रडू फुटलं. पण रडता रडताही बापाचं शिकवणं पायात मुरलेलं होतं. तिनं डांबर सोडलं, साइडपट्टी सोडली, खाली बाभळीच्या बुडाशी जाऊन दोन्ही पाय मातीत घट्ट रोवले. आणि मग मान वळवली.

त्याच क्षणी समोरून जीप गेली. दोन्ही दिवे बंद, टपावर फ्लॉवरच्या गोण्या. ती जिथं पळत होती त्या डांबरावरून गेली आणि तिचा स्वेटर वाऱ्यानं फडफडला. ज्योत्स्नानं नजर काढली नाही.

मागं, मोरीच्या अंगाला, धुक्यात एक उजेड मोठा होत होता. त्याला इंजिनाचा आवाज नव्हता. बाजूच्या झाडांवर तो पडत नव्हता.

"येतंय!" ती ओरडली. "गाडी येतीय! रस्ता सोड! खाली उतर, वावरात उतर!"

उजेड आला आणि गेला. तापलेल्या डिझेलचा आणि जळक्या रबराचा वास तेवढा मागं राहिला. आणि पलीकडच्या वावरात खळखळ झाली, पाण्यात गुरं उतरावीत तशी. एक पोरगा उतरला तर एवढा आवाज कसा होईल, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

नानासाहेब सायकल दामटत आले. "काय झालं? कुनावर वरडत व्हतीस?"

तिनं सगळं सांगितलं. दवाखान्यापासून. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी मागंच व्हतो, पोरी. समोरनं ती बिनदिव्याची जीप तेवढी आली, मोरीकडनं तुझ्याकडं कुठलीच गाडी गेली न्हाई. चल, आपन वावर बघू. सोमाजीनं रातच्याला कांद्याला पानी दिलंय. कोन उतरलं असंल तर माग राहील. नसंल तर तुझ्या डोक्यातनं जाईल."

फटफटायला लागलं होतं. दोघांनी रस्ता ओलांडला. कोरडा, स्वच्छ रस्ता. नानासाहेबांनी बांधावरून बॅटरी मारली.

चिखलात पावलं होती. अनवाणी, ठसठशीत, रस्त्यावरून खाली गेलेली. भुताची पावलं उलटी असतात म्हणतात. ही सरळ होती, तुमच्या-आमच्यासारखी.

नानासाहेबांनी बॅटरी थोडी सरकवली. शेजारी आणखी पावलं होती, टायरच्या चपलांची. त्यापुढं बाईमाणसाची, अरुंद. शाळेच्या बुटांची. कॅनव्हासची. एक जोडी तर तळहाताएवढी. बांधाच्या कडेनं, जिथवर उजेड जात होता तिथवर, सगळी रस्त्यावरून उतरून वावरात गेलेली. कांद्याचं रोप मात्र एकही मोडलं नव्हतं.

नानासाहेब मटकन खाली बसले. उभी हयात ह्या रस्त्यावर गाडी चालवलेला माणूस.

"कितीजनांला हाक मारलीस?"

"एकालाच, नाना."

"एवढी मानसं व्हती व्हय गं ह्या रस्त्यावर… आन् आमी रोज त्यांच्यातनं गाडी घालत व्हतो." ते रडत होते. बापाला रडताना ज्योत्स्नानं पहिल्यांदा पाहिलं. त्यांचं डोकं पोटाशी धरून ती उभी राहिली. तिला वाटलं, उतरली सगळी. सुटली बिचारी.

थोड्या वेळानं नानासाहेब उठले, डोळे पुसले. "चल घरी. आता पळायचं न्हाई, चालत जाऊ."

ते वळले आणि तिथंच थांबले. मघाशी कोरड्या असलेल्या डांबरावर चिखलाची ओली पावलं उमटली होती. अनवाणी. एकच जोडी वावरातून वर आली होती, रस्ता ओलांडून उजव्या अंगाला गेली होती आणि तिथून गावाच्या दिशेनं पळत सुटली होती. पण दर थोड्या अंतरावर ती थांबलेली होती, आणि थांबली तिथं पावलांची बोटं उलटी, ह्या दोघांकडं. ज्याची मान वळत नाही, त्याला मागं बघायचं तर अख्खंच वळावं लागतं.

शेवटची जोडी वीसेक हातांवर होती. तिचीही बोटं ह्यांच्याकडंच होती. तिच्यापुढं पाऊल नव्हतं, रस्ता मोकळा दिसत होता, आणि घर त्याच वाटेनं होतं.

नानासाहेबांनी ज्योत्स्नाचा हात धरला. त्या दोन पावलांभोवतीचं पाणी डांबरावर अजून पसरत होतं.