लंगडी घालणारा बिबट्या

"खबरदार! आत एक पाऊल टाकलं तर याद राखा!" शामभाऊ ओरडले.

हे ते बिबट्याला म्हणत नव्हते. प्रेमला म्हणत होते, आणि प्रेमच्या मागं उभ्या असलेल्या बिजली नावाच्या बकरीला. बिजलीनं याद राखण्याऐवजी फाटकाजवळचं गवत खायला सुरुवात केली.

अर्पिता दिवाळीच्या सुट्टीत यवतमाळहून विमलमावशीच्या गावी, हिवरधऱ्याला आली होती ती एकाच कारणानं. तिला रानात पायी हिंडायचं होतं आणि खरेखुरे प्राणी बघायचे होते. मावसभाऊ बंटी आणि त्याचा वर्गमित्र प्रेम यांनी तसा शब्दच दिला होता. आतापर्यंत तिला दिसलेले प्राणी म्हणजे एक खार आणि सकाळी झोपेतून उठलेला बंटी.

गावच्या रानातली ही पायवाट पूर्वी सगळ्यांची होती. प्रेमच्या तांड्यावरच्या बकऱ्या याच वाटेनं पलीकडच्या गायरानात चरायला जायच्या. यंदा ग्रामसभेनं वाटेची देखभाल शामभाऊंकडे सोपवली आणि त्यांनी तिथं पाहुण्यांसाठी 'रानभूल निसर्ग पायवाट' काढली. फाटकावर सिमेंटचा बिबट्या बसवला. त्यानं पुढचा एक पाय वर उचलला होता. तो झडप घालतोय की "या, चहा घ्या" म्हणतोय, हे नीट कळत नव्हतं. मग गेल्या आठवड्यात शामभाऊंना रानात खऱ्या बिबट्याचे ठसे सापडले, आणि पाहुण्यांची रीघ लागली.

"काका, प्रेम माहा दोस्त हाये," बंटी म्हणाला. "येऊ द्या ना!"

"कायले येऊ देऊ? या तांड्यावरच्या बकऱ्यांच्या वासानंच तर बिबट्या येऊन राह्यला! आज सांजच्याले ग्रामसभेत ठराव होईन, अन् बकऱ्यांले ही वाट कायमची बंद!"

प्रेमनं बिजलीची दोरी मनगटाभोवती आणखी एक वेढा घालून घट्ट धरली.

"वाट बंद झाली तर बकऱ्या चरतील कुठं?" अर्पितानं विचारलं.

"कुठंच नाही," प्रेम हळूच म्हणाला. "याडी म्हणते, ठराव झाला तर उद्या पांढरकवड्याच्या बाजारात साऱ्या विकून टाकू. बिजलीले पण." आईला तो याडी म्हणायचा. "हिची माय मेली तवा मी हिले बाटलीनं दूध पाजलं. माह्याच गोधडीत झोपे ही."

अर्पिताचं नाक लाल झालं. ती चिडली की आधी नाक लाल व्हायचं, मग कान, आणि कानांनंतर काय होतं हे पाहायला घरातलं कुणी थांबत नसे.

"मी बिबट्या पाहूनच येते," ती दात आवळून म्हणाली. "तू इथंच थांब."

आत शामभाऊ पाहुण्यांच्या पुढं पाय न वाजवता चालत होते. पाहुणे मात्र वेफर्सच्या पाकिटांसकट चालत होते, त्यामुळं रानातला प्रत्येक प्राणी एव्हाना तेलंगणात पोचला असावा.

"श्शू!" शामभाऊ थबकले. "हे पाहा!"

नाल्याकाठच्या ओल्या मातीत ठसे उमटले होते. पाहुणे "ओहोहो!" म्हणाले. बंटीनं लगेच ठशाशेजारी तोंड नेऊन फोटो काढला.

अर्पिता मात्र खाली वाकली. ती शाळेच्या लंगडी संघाची कप्तान होती. एका पायानं मैदानभर पळल्यावर मातीत काय उमटतं, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं. सगळे ठसे एका रांगेत होते. प्रत्येकात एकाच बाजूचं शेवटचं बोट वाकडं होतं. म्हणजे सगळे एकाच पायाचे!

"काका," तिनं मोठ्यानं विचारलं, "हा बिबट्या लंगडी घालून राह्यला का?"

एक पाहुणा फिस्सकन हसला. शामभाऊंचा चेहरा पडला.

"तो... जखमी हाये."

"तीन पायांनी?"

"ए पोरी! विमलताईच्या घरची म्हणून सोडतो! निघा इथून!"

त्यांनी दोघांना दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. आता अर्पिताचे कानही लाल झाले होते.

"मला धरून काढलं! प्रश्न विचारला म्हणून!" ती फाटकासमोर येरझाऱ्या घालत होती. "खोटं तो बोलणार आणि बकऱ्या प्रेमच्या विकणार! फोटो दाखव, बंट्या!"

"यात माहे केस चांगले आले नाही."

"केस नाही! ठसा!"

बंटीनं फोटो मोठा केला. तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"पाच बोटं?" प्रेम म्हणाला. "घरच्या मांजरीचा पाय उमटते तवाही चारच दिसतात!"

"आणि मधात हे काय हाये?" बंटीनं डोळे बारीक केले. "फूल? अर्पे, बिबट्यानं मेंदी काढली!"

"दिवाळी हाये ना," प्रेम गंभीरपणे म्हणाला.

अर्पिता हसली नाही. ती हळूहळू वळली आणि तिनं मान वर केली. फाटकावरचा सिमेंटचा बिबट्या पाय उचलून उभा होता. त्या पायाला पाच बोटं होती. शेवटचं बोट वाकडं होतं. आणि तळव्यावर नाजूक फूल कोरलेलं होतं!

"हा बिबट्या केला कोणी?"

"गणपती आणि दुर्गा करणाऱ्या मूर्तिकारानं," बंटी म्हणाला. "बाकी कोणाले सिमेंटकाम जमत नाही."

म्हणजे असं झालं होतं. जन्मभर आशीर्वादाचे हात घडवणाऱ्या त्या माणसाचे हात बिबट्या करतानाही सवयीनं चालले. पाच बोटं, वर फूल! आणि शामभाऊंनी साचा काढला तो या पंज्याचा, कारण बाकीचे तीन पाय चौथऱ्यात गाडलेले होते.

तिघं धावत घरी गेले. विमलमावशी गावची सरपंच होती आणि चकल्यांचं पीठ मळत होती.

"मावशी, बिबट्या खोटा आहे!"

"बरं. हात धुतले का?"

"अगं, ठसे पुतळ्याच्या पायाचे आहेत!"

"शामभाऊ शिकलेला माणूस, खोटं काहून बोलन? मले सभेची तयारी करू द्या. अन् हे पीठ झाका, माशा बसतीन."

मावशी बाहेर गेली. अर्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रडण्याचं नव्हतं. मोठी माणसं ऐकतच नाहीत! मोठ्या माणसांना आवाज ऐकू येत नसेल, तर त्यांच्यापुढं वस्तूच ठेवायला हवी. तिची नजर पिठाकडं गेली.

"आई मारन," बंटी म्हणाला.

"मारू दे. प्रेम, बिजलीला घे!"

फाटकावर चौकीदार होता आणि दिवाळीचं झेंडूचं ताजं तोरण होतं. बिजलीला काही सांगावं लागलं नाही. तिनं तोरणाचं एक टोक धरलं आणि तांड्याच्या दिशेनं सुटली. मागं तोरण, तोरणामागं चौकीदार, चौकीदारामागं "अरे थांब रे बिजली!" असं मनापासून न ओरडणारा प्रेम!

बंटी चौथऱ्याला टेकून वाकला, अर्पिता त्याच्या खांद्यावर चढली आणि तिनं पिठाचा गोळा पंज्यावर दाबला.

"लवकर! तू दिसतं त्याहून जड हायेस!"

"बोलू नको, हालतोस!"

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सभा भरली. प्रेमची आई नंदाबाई एका कडेला उभी होती. बकऱ्यांना उद्या बाजारात न्यायच्या दोऱ्या तिनं आधीच हातात घेतल्या होत्या. शामभाऊ उठले.

"आपल्या लेकरांच्या जिवाचा सवाल हाये! बकऱ्या बंद झाल्याच पाहिजे!"

"लेकरं इथं आहेत!" अर्पिता ओरडली. "आम्हाला कोणी विचारलं?"

तिनं ताट सगळ्यांसमोर ठेवलं. ताटात चकलीच्या पिठाचा गोळा होता आणि त्यावर बिबट्याचा पंजा.

"माहं पीठ!" विमलमावशी किंचाळली. मग ती वाकली. मग तिनं बंटीच्या फोनमधला फोटो पाहिला. पाच बोटं, शेवटचं वाकडं, मधे फूल. मावशीचा आवाज एकदम उतरला. "चला रे सगळे नाल्यावर."

अख्खी सभा नाल्यावर गेली. मावशीनं पीठ ठशाशेजारी धरलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. बांबूला बांधलेला सिमेंटचा पंजा शामभाऊंच्या फाटकाजवळच्या छपरीत, वेफर्सच्या खोक्यांमागं सापडला.

"पाहुण्यांले काहीतरी दाखवा लागते ना," शामभाऊ पुटपुटले. "खाली हाती कसं धाडू?"

"म्हणून माह्या बकऱ्या बाजारात?" नंदाबाईनं विचारलं. ती एवढंच बोलली. शामभाऊंना मान वर करता आली नाही.

देखभालीचं काम तिथंच काढून घेतलं गेलं, आणि वाट पुन्हा सगळ्यांची झाली.

"शाबास रे पोरांनो!" मावशी अर्पिताला जवळ घेत म्हणाली. "पोरगी मोठी हुशार निघाली माही!"

अर्पिता बाजूला झाली. नाक अजून लालच होतं. "शाबासकी नंतर, मावशी. आधी नंदाबाईंना माफी. सकाळी ऐकलं असतंस तर त्यांनी दोऱ्या काढल्या नसत्या."

सरपंचाला असं बोलायची हिवरधऱ्यात पद्धत नव्हती. मावशी नंदाबाईपुढं गेली आणि तिनं हात जोडले. "चुकलं माहं, नंदाबाई."

नंदाबाईनं तिचे हात धरले. दोऱ्या खाली पडल्या. तेवढ्यात प्रेमच्या मागून आलेल्या बिजलीनं ताटातला पुरावा खाल्ला, पाचही बोटं, फुलासकट.

सकाळी तिघं बकऱ्यांबरोबर रानात शिरले. वेफर्स नव्हते, कुजबुज नव्हती. नाल्याच्या वळणावर प्रेमनं हात वर केला. समोर सागाच्या झाडांमधे एक रोही उभा होता, नीलगाईचा नर. उंच, निळसर करडा, घोड्याएवढा. तो त्यांच्याकडं बघत राहिला. त्यानं पाय वर केला नाही, चहाला बोलावलं नाही, कुणासाठी काहीही केलं नाही.

मग तो चारही पायांनी निघून गेला.

"अर्पे," बंटी कुजबुजला, "तुहं नाक आता लाल नाही राह्यलं."